कोविडचे मृत्यू आणि लशीची सुरक्षितता: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोविडचा विषय निघाला की दोन भांडणं हमखास उकरली जातात. माणसं नेमकी किती गेली, हे एक. लस सुरक्षित होती का, हे दुसरं. गंमत म्हणजे मृत्यूंच्या सरकारी आकड्यावर डोळे मिटून विश्वास ठेवणारा माणूस लशीच्या सरकारी आकड्यावर तसाच ठेवेल असं नाही. आणि 'मृत्यू लपवले' म्हणणारे पुष्कळ जण 'लशीने एकही माणूस दगावला नाही' हे मात्र बिनदिक्कत मान्य करतात. इथली उत्तरं दोन्ही भांडणांना एकच माप लावून दिली आहेत: कोण बोललं हे नंतर बघू, आधी मोजलं कसं ते बघू.

सरकारी आकडा नेमका काय मोजतो?

देशात सुमारे ५.३३ लाख, त्यातले महाराष्ट्रात सुमारे १.४८ लाख. चाचणी पॉझिटिव्ह आली, मृत्यू बहुतेक वेळा रुग्णालयात झाला, तो कोविडचा म्हणून धरला गेला आणि राज्याने केंद्राला कळवला, अशा माणसांची ही मोजदाद आहे. यातली एक पायरी जरी चुकली तरी माणूस यादीबाहेर. म्हणून या आकड्याला खोटा म्हणता येत नाही. पण 'भारतात कोविडने किती माणसं गेली' याचं ते उत्तरही नव्हे.

महाराष्ट्राचा आकडा देशात सगळ्यात मोठा, म्हणून राज्याला पुष्कळ बोल लागले. इथे साथ मोठी होती हे खरंच. पण इथली नोंदही बऱ्याच राज्यांपेक्षा बरी होती. ज्या राज्याचा आकडा लहान, ते नशीबवान होतं की आळशी, हे नुसत्या आकड्यावरून कळत नाही.

मग जागतिक आरोग्य संघटनेचे ४७ लाख कुठून आले?

५ मे २०२२ रोजी संघटनेने २०२० आणि २०२१ या दोन वर्षांतले 'अतिरिक्त मृत्यू' जाहीर केले. जगात १.४९ कोटी, भारतात ४७ लाख. त्या दोन वर्षांचा भारताचा अधिकृत आकडा होता ४.८१ लाख.

अतिरिक्त मृत्यू काढायची रीत तशी साधी. साथ आली नसती तर एवढ्या काळात किती माणसं गेली असती हे आधीच्या वर्षांवरून काढायचं आणि प्रत्यक्ष गेलेल्यांतून वजा करायचं. दाखल्यावर कारण काय लिहिलंय याच्याशी कर्तव्य नाही. त्यात कोविडने गेलेले येतात, तसाच बेड न मिळालेला हृदयरोगीही येतो आणि डायलिसिस हुकलेलाही. टाळेबंदीत रस्त्यावरचे अपघात घटले, ते वजाही होतात.

४७ लाख हा मधला आकडा. संघटनेने दिलेला पल्ला ३३ ते ६५ लाखांचा होता. टीव्हीच्या पट्टीवर पल्ला मावत नाही, एकच आकडा मावतो. निम्मं भांडण तिथेच लागलं.

भारत सरकारने हरकत घेतली होती. त्यात काही तथ्य होतं का?

होतं. हरकत अशी की, संघटनेने भारताला पुरेशी माहिती नसलेल्या देशांच्या गटात टाकलं, १७ राज्यांची माहिती संकेतस्थळांवरून आणि बातम्यांतून गोळा केली, आणि बाकीचं गणिती मॉडेलने भरून काढलं. मॉडेलची ही मर्यादा खरीच आहे. एवढा अवाढव्य देश, प्रत्येक राज्यात साथीची वेळ वेगळी, नोंदणीची शिस्त वेगळी. १७ राज्यांवरून बाकीच्यांचा अंदाज काढला की चूक वाढणारच.

पण मॉडेल वापरावं लागलं कशामुळे? देशभरची नोंदणी हाताशी नव्हती म्हणून. संघटनेचा अहवाल यायच्या दोनच दिवस आधी, ३ मे २०२२ रोजी, सरकारने २०२० च्या जन्ममृत्यू नोंदणीचे आकडे जाहीर केले. दुसरी लाट मात्र २०२१ ची. त्या वर्षाचे आकडे बाहेर यायला मे २०२५ उजाडला. 'तुमचा अंदाज चुकीचा' म्हणायचं आणि बरोबर आकडा चार वर्षं टेबलावर ठेवायचा नाही, अशाने हरकतीतलं तथ्यही कुणाला दिसेनासं होतं.

मग २०२५ मध्ये आलेले नोंदणीचे आकडे काय सांगतात?

हा या सगळ्या प्रकरणाचा गाभा आहे, म्हणून जरा सावकाश बघू. देशात नोंदलेले एकूण मृत्यू, कारण कुठलंही असो:

२०१८: ६९.५ लाख
२०१९: ७६.४ लाख
२०२०: ८१.२ लाख
२०२१: १ कोटी २ लाख

२०२१ मध्ये एका वर्षात जवळपास २१ लाखांची उडी आहे. त्या वर्षाचे अधिकृत कोविड मृत्यू होते सुमारे ३.३ लाख.

सरकारच्या बाजूने याचं एक उत्तर दिलं जातं: नोंदणी दरवर्षी सुधारतेय, म्हणून नोंदी वाढतात, सगळी वाढ म्हणजे जादा मृत्यू नव्हेत. हे उत्तर उडवून लावण्यासारखं नाही. २०१८ ते २०१९ मध्ये साथ नसतानाही नोंदी ६.९ लाखांनी वाढल्या होत्याच. दरवर्षी सहा लाखांची वाढ नेहमीची धरली तरी २०२१ मध्ये साधारण ८८ लाख नोंदी यायला हव्या होत्या. आल्या १ कोटी २ लाख. म्हणजे सरकारला सगळ्यात सोयीचा हिशेब केला तरी १४ लाख उरतात.

शिवाय हे उत्तर फार ताणता येत नाही. २०१९ मध्येच ९२ टक्के मृत्यू नोंदले जात होते, हा दावा सरकारचाच. ७६.४ लाख म्हणजे ९२ टक्के, तर पूर्ण शंभर टक्के झाले सुमारे ८३ लाख. लोकसंख्या वाढली म्हणून आणखी लाख-दोन लाख धरा. नोंदणी कितीही सुधारली तरी साथीशिवाय ८५ लाखांच्या फार वर जायला वावच नव्हता. उरतात १७ लाख.

तिसरा ताळा नमुना नोंदणी पाहणीचा. तिच्यानुसार २०२० मध्ये मृत्युदर हजारी ६.० होता, २०२१ मध्ये तो ७.५ झाला. हजारी दीड म्हणजे १३५ कोटींहून जास्त लोकसंख्येत वीसएक लाख. ही पाहणीही सरकारचीच.

सरळ सांगा ना, खरा आकडा कोणता?

एकच आकडा देणारा माणूस तुम्हाला फसवतोय.

स्वतंत्र अंदाज बरेच आहेत. टोरोंटोचे संशोधक प्रभात झा आणि सहकाऱ्यांनी जानेवारी २०२२ मध्ये जुलै २०२१ पर्यंतचे सुमारे ३२ लाख कोविड मृत्यू काढले. मार्च २०२२ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेला अतिरिक्त मृत्यूंचा अंदाज सुमारे ४१ लाख. अधिकृत आकड्याच्या साधारण सहापट ते दहापट असा हा सगळा पट्टा. सरकारी नोंदणीतून फक्त २०२१ चे १४ ते २० लाख निघतात, ते वर पाहिलंच. त्यात नोंदच न झालेले धरलेले नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तर ७१ टक्केच मृत्यू नोंदले जातात असं दिसलं होतं. तो आकडा खरा धरला की हिशेब चांगलाच वर सरकतो.

माझं मत विचाराल तर ४७ लाख थोडा वरच्या बाजूला असावा आणि पाच लाख तर नक्कीच नाही. या दोन वाक्यांतलं पहिलं बदलायला मी कधीही तयार आहे, दुसरं बदलण्यासारखं काही समोर आलेलं नाही.

एवढे मृत्यू सुटले कसे? मुद्दाम लपवले का?

काही ठिकाणी लपवले असतील, पण बहुतेक आपोआप सुटले.

देशातल्या नोंदलेल्या मृत्यूंपैकी जेमतेम २२-२३ टक्के मृत्यूंना डॉक्टरने प्रमाणित केलेलं कारण असतं. बाकीच्यांचं कारण कुणी लिहिलेलंच नसतं. एप्रिल-मे २०२१ मध्ये गावात ताप आला, तीन दिवसांत धाप लागली, तालुक्याला न्यायला गाडी मिळाली नाही आणि माणूस गेला. चाचणी नाही, डॉक्टर नाही, पंचनामा नाही. ग्रामपंचायतीत नोंद झाली तर 'मृत्यू' एवढीच.

रुग्णालयात गेलेल्यांचीही कथा सरळ नाही. डॉक्टर जो मृत्यूच्या कारणाचा नमुना ४ भरतात त्यात भाग एकमध्ये क्रम असतो: थेट कारण, ते कशामुळे, आणि तेही मुळात कशामुळे. भाग दोनमध्ये इतर आजार. 'श्वसन निकामी, त्याला कारण न्यूमोनिया, त्याला कारण कोविड' आणि भाग दोनमध्ये 'मधुमेह', असं लिहिलं तर मृत्यू कोविडचा. रात्रपाळीच्या निवासी डॉक्टरने घाईत नुसतं 'कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट' लिहिलं, किंवा मधुमेह वर आणि कोविड खाली गेला, की तो मृत्यू दुसऱ्याच रकान्यात.

महाराष्ट्राने हे लवकर अनुभवलं. १६ जून २०२० रोजी राज्याने जुने, आधी न धरलेले १,३२८ मृत्यू एकदम यादीत घेतले. त्यातले ८६२ एकट्या मुंबईतले. त्यावर 'लपवले होते' अशी बोंब झाली. खरं तर ताळा करून चूक दुरुस्त करणं हेच करायला हवं होतं. बिहारने पाटणा उच्च न्यायालयाचा बडगा बसल्यावर जून २०२१ मध्ये एका दिवसात आकडा सुमारे ५,४५८ वरून ९,४२९ केला.

मुंबईचं उदाहरण आणखी बोलकं आहे. शहरात २०१९ मध्ये सुमारे ९१ हजार मृत्यू नोंदले गेले, २०२० मध्ये सुमारे १.१२ लाख. वाढ वीस हजारांहून जास्त, आणि त्या वर्षाचे अधिकृत कोविड मृत्यू सुमारे ११ हजार. जिथे नोंदणी उत्तम, महापालिका जागी आणि पत्रकार पाठीशी, तिथेही निम्म्यांचा हिशेब लागत नव्हता. बाकी देशाचं काय बोलायचं?

'कोविडमुळे गेला' आणि 'कोविड झालेला असताना गेला' यात फरक नको का करायला?

करायला हवा, आणि नमुना ४ त्यासाठीच आहे. अपघातात गेलेल्याची चाचणी पॉझिटिव्ह आली म्हणून तो कोविडचा मृत्यू होत नाही. मात्र 'आजोबांना शुगर होती, ते शुगरनेच गेले' हा युक्तिवाद चालत नाही. शुगर वीस वर्षं होती; गेले ते कोविड झाल्यावर आठव्या दिवशी. आणि अतिरिक्त मृत्यूंच्या हिशेबात हा वाद उरतच नाही, कारण तिथे कारण विचारलंच जात नाही.

ऑक्सिजनअभावी कुणीच गेलं नाही, असं संसदेत सांगितलं होतं ना?

२० जुलै २०२१ रोजी राज्यसभेत दिलेलं उत्तर असं होतं की, ऑक्सिजनच्या तुटवड्याने मृत्यू झाल्याचं राज्यांनी स्वतंत्रपणे कळवलेलं नाही. वाक्य शब्दशः खरं असेल. पण मृत्यूच्या नमुन्यात 'तुटवडा' नावाचा रकानाच नाही, तर कळवणार काय? (नाशिकच्या झाकीर हुसेन रुग्णालयात २१ एप्रिल २०२१ रोजी टाकीच्या गळतीमुळे वीसहून जास्त रुग्ण दगावले, तो प्रकार तुटवड्याचा नसून अपघाताचा. दोन्हींची गल्लत करू नये.)

पन्नास हजारांच्या मदतीसाठी मृत्यूंपेक्षा जास्त अर्ज आले, म्हणजे लोकांनी खोटे अर्ज केले का?

सर्वोच्च न्यायालयाच्या ३० जून २०२१ च्या निकालानंतर प्रत्येक कोविड मृत्यूमागे ५०,००० रुपये ठरले. चाचणी किंवा निदानापासून ३० दिवसांत झालेला मृत्यू, मग तो घरी झालेला का असेना, धरायचा असा नियम झाला. व्याख्या सैल झाली तसे अर्जही वाढले. महाराष्ट्रात नोंद सुमारे १.४१ लाखांची असताना दोन लाखांहून जास्त अर्ज आले. गुजरातेत तर नोंद दहा हजारांच्या आसपास आणि मंजूर झालेले दावेच त्याच्या कितीतरी पट.

खोटे दाखले जोडल्याच्या तक्रारीही आल्या आणि मार्च २०२२ मध्ये न्यायालयाने महाराष्ट्रासह चार राज्यांतल्या पाच टक्के अर्जांच्या तपासणीला परवानगी दिली. म्हणून अर्जांची संख्या म्हणजे मृत्यूंची संख्या असं म्हणणं चूक. पण गुजरात सरकारनेच तपासून, पैसे देऊन मान्य केलेले मृत्यू त्याच सरकारच्या यादीत का नाहीत, याचं उत्तर 'खोटे अर्ज' हे असू शकत नाही.

२०२१ मध्येच लस आली आणि २०२१ मध्येच मृत्यू वाढले. मग ते लशीनेच वाढले नसतील कशावरून?

आजकाल सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. वर्षाचा एकच आकडा पाहिला तर शंका रास्त वाटते. महिने सुटे करून पाहिले की ती टिकत नाही.

लसीकरण १६ जानेवारी २०२१ ला सुरू झालं, आधी आरोग्य कर्मचारी, मग ज्येष्ठ. १८ वर्षांवरच्या सगळ्यांना ते १ मेपासून खुलं झालं आणि तेव्हाही लस मिळता मिळत नव्हती; पहाटे पोर्टलवर बोटं आपटून स्लॉट न मिळालेले लोक आठवा. त्याच एप्रिल-मेमध्ये मृत्यूंनी कळस गाठला. मध्य प्रदेशात एकट्या मे २०२१ मध्ये १.६ लाखांहून जास्त मृत्यू नोंदले गेले, नेहमीच्या मे महिन्याच्या चौपटीहून जास्त.

आता उलट बाजू. १७ सप्टेंबर २०२१ रोजी एका दिवसात अडीच कोटी डोस दिले गेले. २१ ऑक्टोबरला शंभर कोटी पूर्ण झाले. लस माणसं मारत असती तर दसरा-दिवाळीत स्मशानांबाहेर एप्रिलसारख्या रांगा लागायला हव्या होत्या. लागल्या नाहीत. मृत्यू लाटेबरोबर चढले आणि लाटेबरोबर उतरले, डोसांबरोबर चढले नाहीत.

कोविशिल्डने रक्ताच्या गुठळ्या होतात, हे खरं की अफवा?

खरं आहे, आणि फार विरळ आहे. दोन्ही गोष्टी एका दमात सांगायला हव्यात.

कोविशिल्ड म्हणजे ऑक्सफर्ड-अ‍ॅस्ट्राझेनेकाची लस, पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेली. काही थोड्या लोकांत ही लस घेतल्यावर शरीर प्लेटलेटमधल्या एका प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं. मग गुठळ्याही होतात आणि प्लेटलेटही घसरतात. गुठळी कधी मेंदूच्या शिरेत, कधी पोटातल्या. याला टीटीएस म्हणतात. लस घेतल्यावर साधारण पहिल्या काही आठवड्यांत हे होतं. ७ एप्रिल २०२१ रोजी युरोपच्या औषध नियामकाने हा संभाव्य दुष्परिणाम म्हणून जाहीर केला. डेन्मार्कने ती लस थांबवली, ब्रिटनने आधी तिशीखालच्या आणि मग चाळिशीखालच्या लोकांना दुसरी लस द्यायला सुरुवात केली. ब्रिटनमध्ये सुमारे पाच कोटी डोसांमागे ऐंशीच्या आसपास लोक यामुळे दगावल्याची नोंद आहे.

मग कंपनीने हे २०२४ मध्येच का कबूल केलं?

२०२४ मध्ये बातमी झाली ती ब्रिटनच्या न्यायालयातल्या कागदपत्रांची. दुष्परिणाम २०२१ पासूनच लशीच्या माहितीपत्रकात होता. पण माहितीपत्रक वाचलं कुणी? लसीकरण केंद्रावर अर्धा तास बसवून ठेवत, त्या अर्ध्या तासात 'दोन-तीन आठवड्यांत असह्य डोकेदुखी, पोटदुखी, पायाला सूज आली तर लगेच या' हे मराठीत सांगणारा कागद हातात पडला असता, तर मे २०२४ मध्ये घबराट झाली नसती. तेव्हा लोक तीन वर्षांपूर्वीच्या डोससाठी डी-डायमर, म्हणजे गुठळीचा माग काढणारी रक्तचाचणी, करून घ्यायला धावले. त्याचा काही उपयोग नव्हता; टीटीएस असा वर्षानुवर्षं दबा धरून बसत नाही.

भारतात हे प्रमाण युरोपपेक्षा इतकं कमी कसं?

१७ मे २०२१ रोजी लशीनंतरचे दुष्परिणाम तपासणाऱ्या राष्ट्रीय समितीने ४९८ गंभीर प्रकरणं तपासून गुठळ्यांची २६ संभाव्य प्रकरणं सांगितली: दहा लाख डोसांमागे ०.६१. तोच आकडा ब्रिटनमध्ये ४, जर्मनीत १०.

दक्षिण आशियाई लोकांत हा धोका मुळात कमी असावा, असं तेव्हा सांगितलं गेलं. त्यात तथ्य असू शकतं. पण जो देश आपले मृत्यूच धड मोजू शकला नाही, तो त्याच महिन्यात तालुक्यातल्या एका गुठळीचं निदान करून, प्लेटलेट तपासून, ते लशीशी जोडून दिल्लीला कळवत होता, यावर विश्वास ठेवणं मला जड जातं. मृत्यूंच्या आकड्याला जी शंका लावली तीच इथेही लावायची. ०.६१ हा किमान आकडा समजा. तो दहापट धरला तरी लाखात एकापेक्षा कमीच राहतो. आणि कोविडने साठीच्या माणसाला असलेला धोका त्याच्याशी तुलना करण्याजोगा नव्हता.

तरुण मुलं जिममध्ये, गरब्यात कोसळतात. हे लशीमुळेच ना?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने १८ ते ४५ वयाच्या अचानक मृत्यूंचा अभ्यास केला. ४७ रुग्णालयं, ऑक्टोबर २०२१ ते मार्च २०२३ हा काळ. प्रत्येक मृत्यूमागे त्याच वयाची, त्याच भागातली जिवंत माणसं तुलनेला घेतली. लस घेतलेल्यांत असे मृत्यू वाढलेले दिसले नाहीत, उलट कमी दिसले. धोका वाढवणाऱ्या गोष्टी निघाल्या त्या या: कोविडने रुग्णालयात दाखल झालेलं असणं, घरात असा अचानक मृत्यू होऊन गेलेला असणं, मृत्यूआधीच्या ४८ तासांत भरपूर दारू, आणि एकदम अंगावर घेतलेला जबर व्यायाम.

जुलै २०२५ मध्ये कर्नाटकातल्या हासन जिल्ह्यातल्या मृत्यूंवरून मुख्यमंत्री सिद्धरामय्यांनी लशीकडे बोट दाखवलं, तेव्हा केंद्राने हाच अभ्यास पुढे केला. 'सरकारी संस्थेचा अभ्यास, म्हणून नको' असं म्हणणाऱ्यांना एवढंच सांगता येईल: अभ्यासाची पद्धत छापलेली आहे, चूक तिथे दाखवा. आणि एक साधी गोष्ट: देशात बहुतेक सगळ्या प्रौढांनी लस घेतली. आता कोसळणाऱ्या प्रत्येकाने ती घेतलेली असणारच. त्याने आधार कार्डही काढलेलं असतं.

आम्ही अमेरिकेत फायझर घेतली. आमचं काय?

टीटीएस त्या लशींचा प्रश्न नाही. फायझर आणि मॉडर्नाच्या लशींनंतर हृदयाच्या स्नायूला सूज येण्याची विरळ प्रकरणं घडली, मुख्यतः किशोरवयीन आणि विशीतल्या मुलग्यांत, दुसऱ्या डोसनंतर काही दिवसांत. बहुतेक बरे झाले. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जून २०२१ मध्येच तसा इशारा जोडला.

बनारसच्या अभ्यासात कोव्हॅक्सिनचे दुष्परिणाम तिघांतल्या एकाला निघाले होते. ते का दाबलं?

दाबलं नाही, पडलं. मे २०२४ मध्ये गाजलेल्या त्या अभ्यासात ९२६ जणांना लशीनंतर वर्षभराने फोनवरून विचारलं होतं की काय काय झालं. लस न घेतलेला गट तुलनेला नव्हताच. वर्षभरात सर्दी-खोकला कुणाला होत नाही? संशोधन परिषदेने हेच दोष दाखवले आणि पुढे नियतकालिकाने लेख मागे घेतला. कंपनीने मात्र लेखकांवर बदनामीचा दावा ठोकला, ते मला पटलेलं नाही. कच्च्या अभ्यासाला उत्तर पक्का अभ्यास हे असतं. कोर्टाची नोटीस पाहून पुढच्या वेळी खरा दुष्परिणाम सापडलेला संशोधकही गप्प बसेल.

मंजुरी घाईत दिली होती का?

कोव्हॅक्सिनच्या बाबतीत, हो. ३ जानेवारी २०२१ रोजी दोन्ही लशींना एकत्र परवानगी मिळाली तेव्हा कोव्हॅक्सिनच्या तिसऱ्या टप्प्यातल्या चाचणीचा परिणामकारकतेचा निष्कर्ष आलेलाच नव्हता. 'क्लिनिकल ट्रायल मोड', म्हणजे चाचणी चालू असतानाच वापर, असा शब्दप्रयोग काढून वेळ मारून नेली. लस पुढे चांगली निघाली. पण निकाल यायच्या आधी पास केल्याने निकालाची किंमत कमी झाली ती झालीच.

लस न घेतल्याने लोकलमध्ये चढू दिलं नव्हतं. ते कायदेशीर होतं का?

मुंबईत १५ ऑगस्ट २०२१ पासून दोन डोस घेतलेल्यांनाच लोकलचा पास मिळू लागला. मुंबई उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये त्या आदेशांवर ताशेरे ओढले. २ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की कुणालाही लस घ्यायची सक्ती करता येणार नाही, मात्र लसीकरणाचं धोरण अवाजवी म्हणता येत नाही. आणि दुष्परिणामांची माहिती लोकांसमोर ठेवा. या निकालाचा पहिला भाग लसविरोधकांनी फॉरवर्ड केला, दुसरा सरकारने. तिसरा कुणीच नाही.

लशीने किती जीव वाचवले?

लंडनच्या इम्पिरियल कॉलेजच्या संशोधकांनी पहिल्या वर्षात भारतात ४२ लाख मृत्यू टळल्याचा अंदाज काढला. फेब्रुवारी २०२३ मध्ये आरोग्यमंत्री मनसुख मांडविया यांनी स्टॅनफर्डच्या एका अहवालाचा हवाला देत ३४ लाख जीव वाचल्याचं सांगितलं.

हे दोन्ही आकडे गणिती मॉडेलमधूनच आलेले आहेत. इम्पिरियलचा अंदाज तर अतिरिक्त मृत्यूंचा हिशेब धरूनच काढलेला. गेलेले मोजणारं मॉडेल परकीय कारस्थान आणि वाचलेले मोजणारं मॉडेल विज्ञान, असं करता येत नाही. आणि उलटही: ४७ लाखांना प्रमाण मानणाऱ्याला ४२ लाख झटकून टाकता येत नाहीत.

असं भांडण आधी कधी झालंय का?

मुंबईतच. १८९६ मध्ये प्लेग आला, वाल्देमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या छोट्या प्रयोगशाळेत लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचून घेतली. मग भायखळ्याच्या तुरुंगातल्या कैद्यांवर चाचणी झाली. १९०२ मध्ये पंजाबातल्या मुलकोवाल गावात ती लस टोचलेले १९ जण धनुर्वाताने मेले. खापर हाफकिन यांच्यावर फुटलं, नोकरी गेली.

पण त्या दिवशी गावात पाच बाटल्यांतून १०७ लोकांना लस टोचली होती आणि मेलेले सगळेच्या सगळे एकाच बाटलीतले, ५३-एन क्रमांकाच्या. ती बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. म्हणजे लस शुद्ध होती, घाण गावात शिरली. हे पटवायला १९०७ उजाडलं. १९२५ मध्ये परळच्या प्रयोगशाळेला त्यांचं नाव दिलं गेलं. बाकीच्या ८८ जणांचं काय झालं हे लिहून ठेवलेलं होतं, म्हणून निदान सुटका तरी झाली.

लशीने खरोखर नुकसान झालं तर भरपाई मिळते का?

ब्रिटनमध्ये ठरावीक योजना आहे. गंभीर अपंगत्व किंवा मृत्यू लशीमुळे असल्याचं मान्य झालं तर १,२०,००० पौंड. भारत सरकारने २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात प्रतिज्ञापत्र देऊन सांगितलं की सरकार जबाबदार नाही, दिवाणी न्यायालयात जा. लस टोचताना 'देशासाठी' आणि दुखापत झाल्यावर 'तुमचं तुम्ही बघा', हे बरोबर नाही. लस सुरक्षित आहे असं मानणाऱ्याने तर या मागणीला आधी पाठिंबा द्यावा; प्रकरणं इतकी विरळ असतील तर खर्चही तेवढाच थोडा.

मृत्यूच्या दाखल्यावर वडिलांच्या मृत्यूचं कारण लिहिलेलं नाही. ही चूक आहे का?

नाही. नोंदणी कार्यालयातून मिळणाऱ्या दाखल्यावर कारण लिहायचंच नसतं, तसा १९६९ च्या कायद्यातच नियम आहे. कारण असतं ते डॉक्टरने भरलेल्या वेगळ्या प्रमाणपत्रात. २०२३ च्या दुरुस्तीनंतर त्याची प्रत रुग्णालयाने जवळच्या नातेवाइकाला द्यायची आहे. मागून घ्या, आणि भाग एकमधला क्रम तिथेच वाचून घ्या.

कुठल्याही लशीनंतर त्रास झाला तर कळवायचं कुणाला?

जिथे लस घेतली ते केंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र, आशाताई किंवा परिचारिका. औषधांच्या दुष्परिणामांसाठी १८००-१८०-३०२४ हा मोफत क्रमांकही आहे. लशीचं नाव, तारीख, बॅच क्रमांक आणि त्रास कितव्या दिवशी सुरू झाला, एवढं हाताशी ठेवा. तो त्रास लशीमुळेच झाला हे तुम्ही सिद्ध करायचं नसतं. ते तपासणं समितीचं काम. तक्रार कळवल्याची पोच मात्र लेखी घ्या.